सगळ्यांना जो जो

माझी मुलगी पावणेदोन वर्षांची असताना तिला झोपवायचं काम माझ्याकडे होतं आणि त्या कामाचा मला चांगलाच माज चढला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते या माजातूनच झालं.

आम्ही नागापूरला एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. मी एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे, सकाळची पाळी. बायको दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला, दुपारी दोन ते रात्री दहा. मधला तासभर शेजारच्या काकू पोरीला बघायच्या आणि मी आलो की पुढे पोरगी माझी. दिवसा काही वाटायचं नाही. भात भरवला, खाली फिरवून आणलं, वेळ निघून जायचा. खरी परीक्षा संध्याकाळी. सात वाजले की ती जे भोकाड पसरायची, ते दहाला आई दारात दिसेपर्यंत. मोबाईल हातात दिला की तेवढ्यापुरती गप्प, काढून घेतला की दुप्पट. बायको पाय ओढत घरी यायची, पोरीला टक्क जागी बघायची आणि माझ्यावर भडकायची. मीही काही गप्प बसणारा नाही. आमचं ते भांडण खालच्या मजल्यावरच्यांना पाठ झालं असणार.

शेवटी अंगणवाडीतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं, तेच करा म्हणाल्या. पुढे काय होणार हे लेकराला ठाऊक असलं की ते घाबरत नाही आणि न घाबरलेलं लेकरू आपोआप झोपतं. त्यांनी क्रम म्हटलं आणि मला ते लगेच पटलं. लेथवर सगळा क्रमाचाच खेळ असतो. आधी चकमध्ये जॉब, म्हणजे कापायचा लोखंडाचा तुकडा, धरायचा, मग सेंटर बघायचं, मग टूल लावायचं. क्रम चुकला तर जॉब वाया जातो, कधी कधी बोटही जातं. म्हटलं, हे तर आपलंच काम आहे.

मग मी घरात सेटिंग लावलं. पावणेसातला कोमट पाण्यानं हातपाय. त्यानंतर मऊ भात, तुपाची धार सोडून. मग ट्यूब बंद, झिरोचा बल्ब चालू. मग तिला कडेवर घेऊन गॅलरीत जायचं आणि जे जे दिसेल त्याला जो जो म्हणायचं. खाली उभा असलेला टेम्पो जो जो. टेम्पोखाली पडलेला भुभू जो जो. पाण्याची टाकी जो जो. कंपनीच्या धुराड्यावरचा लाल दिवा जो जो. चांदोबा असला तर त्यालाही जो जो. सगळे झोपले, आता कोण राहिलं, असं मी विचारायचो. मग ती आपल्याच छातीवर हात मारायची. आत येऊन आडवं व्हायचं, पाठीवर थोपटायचं, की साडेसातच्या आत पोरगी गार.

पंधरा दिवसांत हे बसलं. साडेसातला बायकोची जेवणाची सुट्टी व्हायची आणि तिचा फोन यायचा. झोपली का, एवढंच विचारायची. मी टीव्हीवरची नजर न काढता सांगायचो, कधीच. वर्कशॉपमध्ये ज्यांना लहान पोरं होती त्यांना मी न विचारता सल्ले द्यायला लागलो. एकानं तर तोंडावर सांगितलं, तू आता पोरं झोपवायचा क्लासच काढ. मला त्यातली चेष्टा कळली नाही असं नाही, पण बरंच वाटलं.

एक मेख मात्र होती. यादीतलं एक जरी राहिलं तरी तिला झोप यायची नाही. एकदा तो टेम्पो भाडं घेऊन कुठं तरी गेला होता. ही बाई कठड्याच्या गजांना धरून खाली बघत राहिली, टेम्पो, टेम्पो. शेवटी रस्त्यावरचा दुसराच टेम्पो दाखवला, तेव्हा सुटका झाली. मला तेव्हा हसू आलं होतं.

आता माझं सांगतो. मी मूळचा अकोले तालुक्यातला, राजूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव. तिथं पोरं झोपवायची रीत निराळी. दिवा लागला की आई मला मांडीवर घ्यायची, तोंड मागच्या दाराकडे करायची आणि हळू आवाजात सांगायची, जनावर आलंय, डोळे मिट. जनावर म्हणजे बिबट्या. दिवा लागल्यावर आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. आई पुढे सांगत जायची. आता बांधावर आहे, आता खळ्यात आलं, आता गोठ्याशी आलं, आता दाराशी बसून ऐकतंय कोण जागं आहे ते. मी डोळे असे घट्ट मिटायचो की ते दुखायचे. झोप लागायची खरी, पण ती भीतीनं दमून. घरोघरी हेच होतं. आमच्या वाडीतलं एक पोर दिवा लागल्यावर उंबऱ्याबाहेर पाय टाकत नसे.

त्या भीतीनं माझं काय केलं ते मलाच माहीत. नऊ वर्षांचा होईपर्यंत माझी गोधडी ओली व्हायची. आता तेहतीस वर्षांचा आहे, रोज लोखंड कापतो, पण जिन्यातला दिवा गेला असेल तर आजही खाली उभा राहून वरून कुणी उतरायची वाट बघतो. बायकोला वाटतं मी मोबाईल बघत उभा असतो. मुलगी झाली त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की हिच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही.

दिवाळीत आम्ही गावाला गेलो. बायकोला दोनच दिवस सुट्टी मिळाली. भाऊबीज करून ती नागापूरला परतली, मी मात्र भातकापणीसाठी रजा काढून पोरीसकट मागे राहिलो. घरी आई आणि माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो. पुढे ओटा आणि पडवी, मग मधली खोली, तिच्या अंगाला चुलीची खोली. मधल्या खोलीचं मागचं दार गोठ्याकडे उघडतं आणि गोठ्याच्या पुढे तीसेक पावलांवर खळं. खळ्यात भाताचे भारे रचलेले आणि भाऱ्यांच्या कडेला एका पोत्यावर आमचा कुत्रा राखणीला पडलेला.

बायको गेली त्याच संध्याकाळी पोरगी त्या नव्या जागेत कुरकुरायला लागली. आईनं तिला उचललं, मांडीवर घेतलं, तोंड मागच्या दाराकडे केलं. मी पडवीत होतो. आतून तो आवाज आला, जनावर आलंय, डोळं मिट. तेहतीस वर्षांचा मी, पण डोळे आपोआप मिटले आणि पाठोपाठ डोक्यात तिडीक गेली. मी आत जाऊन पोरीला आईच्या मांडीवरून जवळजवळ ओढूनच घेतली.

"माझ्या पोरीला भीती घालायची नाही," मी म्हणालो. "एकदाच सांगतो."

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं, पण मला थांबता कुठं येतं? मी आईला गोधडीचं सुनावलं, जिन्याचंही सुनावलं, तुझ्यामुळे माझं असं झालं म्हणालो. दादा दारात येऊन उभे राहिले होते. आई माझ्याकडे बघत राहिली, मग पदर खोचत उठली. बरं, तुझी पोरगी, एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी माझं सेटिंग तिथं लावलं. हातपाय, मऊ भात, पिवळा बल्ब. गॅलरी नव्हती, म्हणून तिला कडेवर घेऊन मागच्या दारानं बाहेर न्यायचो. हम्मा जो जो. वासरू जो जो. मेमे जो जो, म्हणजे चारही शेळ्यांना एकेक करून. मग खळ्यापर्यंत चालत जायचं, कुत्र्याच्या डोक्यावर तिचा हात ठेवायचा, भुभू जो जो. कुत्रं शेपटी आपटायचं. पोरीला हे टेम्पो आणि टाकीपेक्षा कितीतरी आवडलं. दादांनी पहिल्याच दिवशी बजावलं की दिवा लागल्यावर लेकरू बाहेर काढायचं नसतं. मी म्हटलं, बॅटरी आहे ना हातात. त्यांनी काठीही दिली.

खोटं कशाला सांगू, ती तीस पावलं मला रोज जड जायची. गोठ्यातल्या बल्बचा उजेड अर्ध्या खळ्यापर्यंत पोहोचायचा, त्यापुढे काळंभोर. माझी पाठ गार पडायची. पण अंगणवाडीतल्या बाईंनी सांगितलं होतं की मोठं माणूस घाबरलं की लेकराला कळतं. म्हणून मी आवाज गोड ठेवायचो आणि सावकाश पावलं टाकायचो. पोरीला वाटायचं, संध्याकाळी बाहेर जाणं ही जगातली सगळ्यात सुखाची गोष्ट आहे. तिला हे मीच शिकवलं, रोज एकेक पाऊल टाकून.

पाचव्या दिवशी सकाळी कुत्रं पोत्यावर नव्हतं. दादा आणि मी शोधायला गेलो. बांधावर रक्त होतं, पुढे गवत दबलेलं, काहीतरी ओढत नेल्यासारखं, आणि वावरातल्या ओल्या मातीत पंजे उमटलेले. दादांनी त्यावर आपला तळहात धरून बघितला. दुपारी वनखात्याचा माणूस येऊन गेला. दिवा लागल्यावर कुणी बाहेर पडू नका, गोठ्यात दिवा रात्रभर ठेवा, लेकरू सांभाळा, असं सांगून गेला. लेकरू सांभाळा म्हणताना त्यानं माझ्या कडेवरच्या पोरीच्या गालाला हात लावला. मी तिला घेऊन लगेच आत आलो.

दिवसभर ती भुभू भुभू करत होती. मी तिला चुलीकडे ने, ओट्यावर ने, असं करत राहिलो. त्या दिवशी मागच्या दारानं तिला बाहेर काढायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. पण क्रम मोडायचा नव्हता. तो मोडला तर ती रडणार, ती रडली की आई बघणार आणि आईसमोर मला हरायचं नव्हतं. होय, असंच होतं ते.

संध्याकाळी पावणेसातला हातपाय, मऊ भात, सगळं नेहमीसारखं केलं. मग बंद दाराच्या आतच तिला घेऊन उभा राहिलो आणि दाराच्या फळीकडे बोट करून म्हणालो, हम्मा जो जो, वासरू जो जो, मेमे जो जो. तिनंही म्हटलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, भुभू?

मी काय सांगू शकलो असतो? काहीही. भुभू गेला म्हणता आलं असतं. भुभू नाही म्हणता आलं असतं. पण मला ती शांत हवी होती, तिच्या डोळ्यांत एवढंसंही काही यायला नको होतं.

"भुभू खळ्यात झोपलाय," मी म्हणालो. "पोत्यावर. आता तू झोप."

तिनं मान हलवली. तिला गोधडीवर आडवी केली, थोपटलं. पाच मिनिटांत तिचे डोळे मिटले. श्वास एकसारखा झाला असं मला वाटलं. आई चुलीच्या खोलीत भाकरी थापत होती, दादा पडवीत बसले होते. तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला आणि रेंज नसल्यानं कट झाला. साडेसात, बायकोची सुट्टी. आमच्याकडे रेंज नीट येते ती फक्त ओट्याच्या टोकाला, हिरड्याच्या झाडाशी. मी पुढच्या दारानं तिथं गेलो आणि तिला फोन लावला.

तिनं नेहमीचं विचारलं. मी म्हणालो, झोपली, शांत झोपली. कुत्र्याचं काही सांगितलं नाही. ती एकटी, रात्री दहाला घरी जाणार, उगाच जिवाला घोर कशाला. कापणी किती राहिली, थंडी आहे का, पोरीला टोपडं घालता का, असं दोनचार मिनिटं बोललो. माझ्या हिशेबी मी एक चांगला नवरा आणि चांगला बाप होतो.

आत आलो तर गोधडी रिकामी.

आधी काहीच वाटलं नाही. आईकडे गेली असेल म्हणून चुलीच्या खोलीत डोकावलो. आई एकटीच होती, तव्यावर भाकरी होती. पोरगी कुठंय, मी विचारलं. झोपलीय ना, आई म्हणाली. मग आम्ही दोघांनी एकदमच मधल्या खोलीकडे बघितलं. मागचं दार वीतभर उघडं होतं.

त्या दाराला कडी आहे, पण ती जेवणं उरकल्यावर लागायची. तोवर आईची गोठ्यात ये-जा असते, वैरण टाकायची, वासरू बांधायचं, म्हणून दार नुसतं लोटलेलं असतं, त्या दिवशीही तसंच होतं. माझ्या जन्माआधीपासून असंच आहे. त्या घरात तीन पिढ्या पोरं वाढली, पण दिवा लागल्यावर त्या दाराला हात लावणारं पोर कधी झालंच नव्हतं.

मी दाराकडे धावलो. दार उघडलं. आणि पुढचं सांगायला मला आजही लाज वाटते. मी उंबऱ्यावर उभा राहिलो. गोठ्याचा बल्ब, त्यापुढे अर्धं खळं, त्यापुढे अंधार. माझी पोरगी त्या अंधारात होती आणि माझे पाय हलेनात. आता बांधावर आहे, आता खळ्यात आलं, हे मला कानात ऐकू येत होतं, आईच्याच आवाजात, तीस वर्षांपूर्वीच्या.

आई माझ्या खांद्याला धक्का देऊन बाहेर गेली. तिच्या हातात चुलीतलं जळतं कोलीत होतं. पायात काही नव्हतं. ती मोठमोठ्यानं ओरडत होती, शब्द नव्हते, नुसता आवाज. मागून दादा पत्र्याचा डबा काठीनं बडवत आले. तेव्हा कुठं माझे पाय सुटले.

गोठ्याजवळून जाताना जे दिसलं ते विसरता येत नाही. आमच्या शेळ्या माणसाची चाहूल लागली की ओरडतात. त्या वेळी चारही शेळ्या भिंतीला चिकटून, एकमेकींत डोकी खुपसून उभ्या होत्या आणि आवाज काढत नव्हत्या. गाय दाव्याला ताण देऊन एकाच दिशेला बघत होती, खळ्याच्या पलीकडे, बांधाकडे.

पोरगी भाऱ्यांच्या कडेला पोत्यावर बसली होती. अनवाणी, टोपडं घातलेलं, बांधाकडे पाठ. ती रिकाम्या पोत्यावर हळूहळू थोपटत होती, मी तिला थोपटतो तसं, तेवढ्याच सावकाश. भुभू जो जो, भुभू जो जो. आईचं कोलीत बघून तिनं मान वर केली. मी तिला उचललं आणि छातीशी एवढी आवळली की ती कळवळली. मग माझ्याकडे बघून तक्रार करावी तसं म्हणाली, भुभू नाई.

ती घाबरलेली नव्हती. हेच मला सहन होईना. मी तिला सोडत नव्हतो, आई कोलीत फिरवत ओरडत होती, दादांचा डबा थांबत नव्हता आणि ही आमच्याकडे बघत होती, यांना झालंय तरी काय म्हणून. आम्ही मागे मागे पावलं टाकत, खळ्याकडे तोंड ठेवून दारात आलो. दादांनी कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

भाकरी जळून तिचा धूर घरभर झाला होता. आईनं कोलीत चुलीत सारलं, जळकी भाकरी काढून टाकली, पुन्हा पीठ घेतलं. मी पोरीला घेऊन चुलीसमोर बसलो. मला वाटत होतं, आता आई बोलणार. बोलायलाच हवं होतं तिनं, मी ऐकूनही घेतलं असतं. ती भाकरी थापत राहिली. पोरगी माझ्या खांद्यावर झोपली. भाकरी तव्यावर टाकून, माझ्याकडे न बघता आई म्हणाली,

"भ्या घालत न्हवते रे मी. दार लावून घेत हुते."

मला रडू आलं. मी तसाच तिच्यासमोर रडलो आणि तिनं मला रडू दिलं.

सकाळी डोळा उघडला तेव्हा खराट्याचा आवाज येत होता. दादा खळं झाडत होते. आमच्यात खळं झाडायचं काम बायका करतात, दादांच्या हातात मी जन्मात खराटा बघितला नव्हता. ते पोत्याच्या आजूबाजूला झाडत होते, पुन्हा पुन्हा तेवढीच जागा. मी काय ते समजलो. पंजे किती जवळ आले होते हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आजवर नाही.

त्या संध्याकाळी साडेसहा वाजले, दिवा लागला. आई चुलीकडे राहिली. ती पोरीला मांडीवर घेणार नाही हे मला कळत होतं, कारण मीच तसं बजावलं होतं. जे काय सांगायचं ते आता मला सांगायचं होतं. मी पोरीला घेऊन मागच्या दाराशी गेलो, कडी लावलेलीच होती. जनावर आलंय, हे माझ्या तोंडातून निघेना. आणि भुभू पोत्यावर झोपलाय, हेही पुन्हा निघणार नव्हतं. मी तिला खाली उभी केली, समोर उकिडवा बसलो आणि जे खरं होतं ते सांगितलं. भुभू आता नाही. बाहेर अंधार आहे. पप्पाला अंधाराची भीती वाटते. लई भीती वाटते. म्हणून दार लावायचं आणि सगळ्यांनी आत झोपायचं.

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. लेकराला कळतं असं त्या बाई म्हणाल्या होत्या, ते खरं आहे. मी पहिल्यांदाच माझा आवाज गोड केला नव्हता. ती जवळ आली, माझ्या गालावर हात ठेवला आणि पोत्यावर थोपटलं होतं तसं थोपटायला लागली. पप्पा जो जो, म्हणाली. मग तिनं दाराकडे बघितलं, पण दाराकडे गेली नाही.

नागापूरला परत येऊन आता पाच महिने झाले. क्रम तोच आहे, हातपाय, मऊ भात, झिरोचा बल्ब, टेम्पो, भुभू, टाकी, लाल दिवा. त्यात एक गोष्ट वाढली. शेवटी मी तिला दाराशी नेतो आणि कडी तिनं स्वतःच्या हातानं लावायची, कडी जो जो. त्यासाठी मी तिच्या हाताला येईल अशी एक छोटी कडी खाली नवीन बसवली आणि जुनी वर आहेच. दोन मजले वर, सिमेंटच्या इमारतीत, दोन कड्या कशाला, बायकोनं विचारलं. पोरगी मोठी होतेय, कधी जिन्यावर जाईल, मी म्हणालो. गावाकडचं कुत्रं गेलं एवढंच बायकोला ठाऊक आहे. हे वाचल्यावर बाकीचं कळेल, मग माझी काही खैर नाही आणि नसावीच.

वर्कशॉपमध्ये मी आता सल्ले देत नाही.

साडेसातचा फोन अजून येतो. ती विचारते, झोपली का? मी फोन तसाच खाली ठेवतो आणि आतल्या खोलीत जातो. झिरोच्या उजेडात पोरीच्या पोटावर हात ठेवतो, ते वरखाली होतंय ना बघतो. मग बाहेर येऊन खालची कडी बघतो, वरची बघतो. तेवढ्यात तिकडून दोनतीनदा आवाज येतो, अहो, आहात का, अहो. मी पुन्हा एकदा आत डोकावतो. मग फोन कानाला लावतो आणि सांगतो, हो, झोपली.